निरंक

साहेब म्हणाले, स्मरणिकेसाठी चार पानं इतिहास काढा.
फोटो आहेत, मजकूर तेवढा हवा.
माझं अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडे.
गुडघा गेलाय, म्हणून मुद्देमालाची खोलीही माझ्याकडे.

खोलीत आधी घुशी, मग इतिहास.
चिठ्ठी गळालेले तीन धोटे,
एकाचं टोक अजून काळपट:
मिलचं गेट, पगाराचा दिवस, भाऊ-भाऊ.
दिवा नव्हता म्हणून धरलेली सायकल,
जिचा धनी दंड भरायला कधी आलाच नाही.
आणि टॉवेल, टॉवेल, टॉवेल.
या गावात घाम ज्यानं पुसतात
गळाही त्यानंच आवळतात.

जुनी रजिस्टरं मोडीत.
चाटी गल्लीतून वळसंगकर काकांना रिक्षानं आणलं.
भिंग लावून ते वाचायचे, मी उतरवून घ्यायचे,
मध्ये कडक भाकरी, शेंगाची चटणी,
भिंगावर तेलाचं बोट.

"बक्कल नंबर एकशे बारा, पहाऱ्यावर निजला. दंड चार आणे."
पुढच्या महिन्यात तोच, तेवढेच.
तिसऱ्यांदा बदली झाली तेव्हा
काकांनाच वाईट वाटलं.

"गड्ड्याची जत्रा. हरवलेली मुले एकोणीस.
पैकी मुलगी, वय सुमारे चार, नाव सांगते ते समजत नाही.
भाषा तेलंगी. रडणे चालू."
खाली वेगळ्या शाईत: "जिलेबी दिली. रडणे चालू."
पुढचं पान वाळवीनं खाल्लेलं.

मग सन तीस, मे महिना.
अक्षर मध्येच तुटतं, जसं कुणी दारातून हाक मारावी.
पुढं कोरं.
काका म्हणाले, लिहिणार कोण बाई,
तुमचे लोक गाव सोडून गेले होते.
नंतर परत येऊन कुणीतरी
त्या कोऱ्या तारखांपुढं घाईनं भरलंय:
निरंक. निरंक. निरंक.
गाव तेवढे दिवस शहाणं वागलं,
की मोजायला माणूस नव्हता,
एवढ्याशा शब्दावरून काही कळत नाही.

त्याच वहीत, मार्शल लॉच्या शिक्क्याखाली:
"खाकी कोट एक, विजार एक, बटणे सहापैकी पाच.
शिपाई इमामसाब नदाफ, गैरहजर, याचा गणवेश.
नरसव्वा गाजूल, विणकरीण, हिने आणून दिला.
मागाच्या खड्ड्यात मिळाला म्हणते.
धुतलेला. खळ दिलेली."
सुताला देतात तीच खळ.
तो कोट टेबलावर आपला आपण बसला असेल.
"माणूस कोठे, विचारता
बाई हसली."

सहावं बटण मी दोन दिवस शोधलं.
घुशींच्या बिळातसुद्धा हात घातला.

पुढची वर्षं मी भरभर उरकली.
पहारा बदलायचा मिलच्या भोंग्यावर.
भोंगा बंद पडला त्या आठवड्यात
ड्यूटीच्या वेळा खाडाखोडीच्या,
कुणाचंच घड्याळ कुणाशी जुळेना.
मग टायपिंग, मग कॉम्प्युटर, मग कुणाचंच अक्षर नाही.

साहेबांनी नदाफ कापला.
म्हणाले, पळून गेलेला माणूस वर्धापनदिनाला कशाला?
जिलेबी ठेवली. जिलेबी त्यांना फार आवडली.
नरसव्वाचं विचारलं, तर म्हणाले,
ती कुठं आपल्या खात्यात होती?

जानेवारीत चार पुतळ्यांच्या चौकात बंदोबस्त.
हुतात्म्यांना हार घालायला आधी मोठी माणसं.
बाकीच्यांना अडवायला दोरी,
आणि दोरीची दोन्ही टोकं आमच्याच हातात.
कुणाला त्यात काही वाटलं नाही.
मला गेल्या वर्षीपर्यंत वाटत नव्हतं.

एक म्हातारी, पूर्व भागातली,
झेंडूची दोन फुलं मुठीत घेऊन
वाकून दोरीखालून जायला बघत होती.
तेलुगूत काहीतरी म्हणाली. समजलं नाही.
मी दोरी वर उचलून धरली
जेवढी एका गुडघ्यावर धरता येते तेवढी.